शेजाऱ्यांची कामं गुपचूप कशी करावीत

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या घरातल्या एका मोठ्या माणसासाठी

गुपचूप मदत करायची म्हटलं की पहिल्यांदा ज्या कल्पना सुचतात त्या बहुतेक चुकीच्या असतात. दारात लाडवांचा डबा ठेवावा, फटीतून छानशी चिठ्ठी सरकवावी, काकांची स्कूटर पुसून ठेवावी. तिन्ही टाळ. डबा कोणी ठेवला हे कळल्याशिवाय कोणी त्याला तोंड लावत नाही, आणि लावूही नये. निनावी चिठ्ठी एकट्या राहणाऱ्या बाईला आनंदाआधी भीती देते. आणि स्कूटरवर सहा महिन्यांपूर्वीचा ओरखडा असला तरी तो पुसणाऱ्याच्याच नावावर जातो.

गुपचूप करण्यासारखी कामं जागेची असतात. करकरणारं फाटक, शेवाळलेली पायरी, चाळीतला गळका नळ, पत्रपेट्यांखाली पडलेलं टपाल. हे सगळं सगळ्यांचं असतं म्हणून कोणाचंच नसतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. अशा ठिकाणी हात लावायला कोणाच्या घरात शिरावं लागत नाही, कोणाची वस्तू उचलावी लागत नाही.

नाव का लपवायचं? कारण नाव कळलं की परतफेड सुरू होते. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत जात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींसाठी पायरी घासलीस हे त्यांना कळलं तर संध्याकाळी वाटीभर शिरा येतो. पुढच्या पावसात पायरी पुन्हा हिरवी झाली तरी मग त्या बोलत नाहीत, ‘पोराला किती त्रास द्यायचा’ म्हणून. नाव कळलं नाही तर शिरा मिळत नाही, पण पायरीबद्दल त्या मोकळेपणी कुरकुरत राहतात, आणि ती कुरकुर कामाची असते.

आधी घरातलं एक माणूस

गुपित शेजाऱ्यांपासून ठेवायचं, घरापासून नाही. आई, आजोबा, मावशी, कोणीही एक मोठं माणूस असं हवं की तू कुठे आहेस, काय करणार आहेस आणि किती वाजता परत येणार हे त्याला माहीत आहे. पहाटे साडेपाचला जिन्यात पिशवी घेऊन वाकलेलं पोर कॅमेऱ्यात चोरासारखंच दिसतं. सोसायटीत सीसीटीव्ही असेल तर त्या मोठ्या माणसानं सेक्रेटरींच्या कानावर एवढंच घालावं: ‘आमच्याकडचं एक जण अधूनमधून जिन्यातलं बारीकसारीक काम करणार आहे, चर्चा नको.’ रखवालदारालाही सांगावं लागतं. तो सांभाळून घेतो, फक्त त्याला आदल्या दिवशी माहीत हवं. ऐन वेळी सांगितलं तर तो आधी शिट्टी वाजवतो.

जे काम करण्याचा कोणाला पगार मिळतो ते काम करायचं नाही. जिना झाडायला मावशी येत असतील तर तू जिना झाडू नकोस. महिनाभर पहाटे झाडलास तर पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, जिना तर स्वच्छच असतो, मग पैसे कशाचे द्यायचे? तुझ्या हौसेपायी त्यांचं एक घर कमी व्हायचं. त्यांच्या कामात जे येत नाही, म्हणजे बिजागऱ्या, शेवाळ, पत्रपेट्या, सूचना फलक, ते तुझं.

आठवडाभर नुसतं बघणं

पहिल्या आठवड्यात काहीच करायचं नाही. दिवसातून चार वेळा, दूध येतं तेव्हा, दुपारी, शाळा सुटताना आणि रात्री नऊच्या सुमारास, दहा दहा मिनिटं जिन्यात किंवा अंगणात रेंगाळ आणि माणसांऐवजी त्यांचे हातपाय बघ. पिशवी कुठे खाली ठेवली जाते? कठडा कुठे घट्ट पकडला जातो? कोणत्या पायरीवर लोक नकळत बाजूला सरकतात? पावसाळ्यात तीन माणसं एकाच पायरीच्या कडेनं उतरली तर मधे काहीतरी निसरडं आहे, हे खाली वाकून न बघताही कळतं.

हे वहीत लिही, पण जागा लिही, माणसं नको. ‘तळमजला, उजवीकडची तिसरी पायरी, पाइप ठिबकतो’ एवढं पुरे. ‘202 मधले सकाळी नऊ ते सहा नसतात’ असं कधीही लिहायचं नाही. अशी वही हरवली आणि भलत्याच्या हाती लागली तर ती चोरासाठी तयार वेळापत्रक असते.

आठवड्याअखेरीस यादीत दहाबारा गोष्टी जमतील. त्यांतली एक निवड, फार तर दोन. आठवड्याला दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागेल असं काहीही घेऊ नकोस. उत्साहात पाच कामं धरणारी मुलं तिसऱ्या आठवड्यात सगळी सोडतात.

पिशवीत काय असावं

कापडी पिशवी, चालताना न वाजणारी. तीत जुन्या गंजीफ्रॉकची दोन फडकी, काथ्याचा नाहीतर प्लास्टिकचा राठ ब्रश, जुना टूथब्रश, रबरी हातमोजे, शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली, धुण्याचा सोडा एका घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडं वर्तमानपत्र आणि बॅटरी. मोबाइलची बॅटरी चालते, पण ओल्या हातांनी मोबाइल पडतो. सोड्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिही. पांढरी भुकटी घरात कोणालाही साखर वाटू शकते.

खोबरेल नको. थंडीत ते गोठतं, आणि खाण्याचं बहुतेक तेल हवेत राहिलं की हळूहळू चिकट होतं, त्यावर धूळ बसते. मग बिजागरी आधीपेक्षा जड फिरते. मशीनचं तेल पातळ असतं, फटीत उतरतं आणि चिकटत नाही.

करकरणारं फाटक

सुरुवातीला हेच काम घ्यावं. वीस मिनिटांत होतं, चुकलं तरी फार बिघडत नाही, आणि फरक त्याच दिवशी कळतो.

फाटक हळू उघडून आवाज नेमका कोणत्या बिजागरीतून येतो ते बोट टेकवून ओळख. जी करकरते ती बोटाला थरथरताना जाणवते. खाली वर्तमानपत्राची चौपदरी घडी ठेव. टूथब्रशनं सांध्यातला गंज आणि मळ काढ, कोरड्या फडक्यानं पूस. मग बिजागरीच्या मधल्या सळईवर, वरच्या टोकाला, दोन-तीन थेंब सोड. एवढेच. फाटक पंधरावीस वेळा पुढंमागं कर, म्हणजे तेल खालपर्यंत उतरतं. सुरुवातीला तपकिरी, गंजमिश्रित तेल बाहेर येईल. ते पुसून घे आणि आणखी दोन थेंब दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पूस.

चूक बहुतेक वेळा तेल जास्त घालण्याची होते. दहा थेंब घातले तर आठ खाली फरशीवर येतात, आणि सकाळी दूधवाला त्यावरून घसरतो. कडीला किंवा हात लावायच्या जागी तेल राहिलं तर कोणाच्या तरी साडीला डाग पडतो, आणि ‘हे कोणी केलं’ याची चौकशी नको त्या सुरात सुरू होते. फाटक खाली टेकून फरशीला घासत असेल तर तेलाचा उपयोग नाही. बिजागरी खिळखिळी झाली आहे किंवा खांब कलला आहे, ते वेल्डरचं काम. ते सेक्रेटरींना सांगायचं.

पावसात भिजणाऱ्या फाटकाला तेल महिनाभरही टिकत नाही. मे महिन्यात सांध्यात ग्रीस भरलं तर पावसाळा निघतो. सायकलच्या दुकानात बोटभर ग्रीस सहज मिळतं.

एक गंमत आधी तपासून घे. काही घरांत फाटकाची करकर हीच घंटा असते. तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेले आजोबा आवाजावरून ओळखतात की सून आली की पोस्टमन आला. अशा ठिकाणी फाटक गप्प करणं ही मदत होत नाही. दोन दिवस कान देऊन बस. आवाज झाल्यावर आतून कोणी हाक मारत असेल तर ती बिजागरी सोडून दे.

शेवाळलेली पायरी

जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंतचं हे सर्वांत कामाचं काम, आणि सर्वांत जास्त चुका होणारंही.

दुपारी दोन ते तीनची, पाऊस नसलेली वेळ धर. पहाट नको, कारण ओल्या पायरीवरून दूधवाले आणि फिरायला जाणारे उतरतात. अर्धी बादली, म्हणजे साधारण सात-आठ लिटर, कोमट पाण्यात धुण्याच्या सोड्याचे चार मोठे चमचे विरघळव. हातमोजे घाल, सोड्यानं हाताची सालं निघतात. सर्वांत वरच्या पायरीपासून सुरुवात कर, कारण घाण पाणी खालीच येणार. तू खालच्या पायरीवर उभं राहणार, आणि तीही हिरवीच असणार. तिच्यावर ओलं गोणपाट टाकून त्यावर उभं राहा. अनवाणी नाही, आणि गुळगुळीत तळाच्या रबरी चपलेत तर मुळीच नाही.

पाणी ओतून पंधरा मिनिटं थांब. तेवढ्यात शेवाळ मऊ पडतं. मग राठ ब्रशनं, पायरीच्या लांबीच्या दिशेनं घास. कोपरा आणि पायरीची पुढची कड यांवर जास्त वेळ दे, पाय नेमका तिथेच पडतो. शेवटी स्वच्छ पाण्यानं दोनदा धू. सोडा राहिला तर वाळल्यावर पांढरी भुकटी येते आणि ती पुन्हा ओली झाली की बुळबुळीत होते. वाळेपर्यंत खराटा आडवा टाकून ठेव. आडवा खराटा दिसला की लोक थांबून खाली बघतात.

संडासाचं ॲसिड वापरायचं नाही. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या पायऱ्या शहाबादी नाहीतर कडप्प्याच्या असतात. दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की फेस येतो, म्हणजे दगड विरघळतो आहे. पायरी त्या दिवशी लख्ख दिसते, पण तिचा पृष्ठभाग खरखरीत आणि सच्छिद्र होतो, आणि पुढच्या वर्षी शेवाळ तिथेच आधी धरतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, जो बंद जिन्यात जीवावर बेतू शकतो. म्हणून या कामात दोन्ही पिशवीबाहेरच.

इतकं करूनही दोन आठवड्यांत पायरी पुन्हा हिरवी होत असेल तर शेवाळ घासणं थांबव आणि पाणी शोध. वर कुठेतरी कुंडीची बशी सांडते आहे, एसीची नळी ठिबकते आहे, किंवा पावसाच्या पाइपाचा सांधा सुटला आहे. वहीत जागा लिहून ती तुझ्या त्या मोठ्या माणसाकडे दे. नळी कोणाच्या घराची आहे हे त्यांनी त्यांच्या पद्धतीनं बोलावं.

पायरीची कड अंधारात दिसत नाही म्हणून काही जण रेडियमची पट्टी लावतात. ती गाडीच्या पाटीवर चमकते कारण तिच्यावर हेडलाइटचा उजेड पडतो. काळोख्या जिन्यात तिच्यावर पडायला उजेडच नसतो, त्यामुळे ती काही दिसत नाही, शिवाय कोपरा सुटला की पाय अडकतो. कडेला दोन इंच रुंद पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा चांगला. तो मात्र सेक्रेटरींना विचारल्याशिवाय नाही, आणि वाळायला पूर्ण रात्र द्यावी लागते.

चाळीतला गळका नळ

आधी मोजमाप, म्हणजे काम करण्यासारखं आहे का ते कळतं. नळाखाली वाटी ठेवून दहा मिनिटांत किती पाणी साठतं ते बघ आणि त्याला 144 नं गुण. दिवसात दहा मिनिटं तितक्या वेळा येतात. दहा मिनिटांत अर्धी वाटी, म्हणजे पाऊण डेसिलिटर साठलं तर दिवसाला जवळजवळ अकरा लिटर वाया जातं.

सामायिक नळ मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय उघडायचा नाही. पण वायसर बदलणं पंधरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला सहज जमतं. हे अनेक फेरे घेत फिरवायच्या जुन्या पितळी नळाबद्दल आहे. अर्ध्या वळणात बंद होणाऱ्या नव्या नळात रबरी वायसर नसतो, त्याचा आतला भागच बदलावा लागतो.

पाणी जाण्याची वेळ साध, म्हणजे मधला कॉक बंद करायला नको. बऱ्याच चाळींत तो कॉक वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. जोर लावला की त्याचा दांडा तुटतो आणि सगळ्या मजल्याचं पाणी जातं. मग गुपित वगैरे राहत नाही.

नळ पूर्ण उघडा ठेव. डाव्या हातानं नळाचं धड घट्ट धर, उजव्या हातातल्या स्क्रू पान्यानं वरचं डोकं डावीकडे फिरव. धड न धरता नुसता पाना फिरवला तर डोक्याऐवजी भिंतीतला पाइप फिरतो, आणि जुना लोखंडी पाइप आट्यांच्या जागीच तडकतो. हे बिघडलं तर भिंत फोडावी लागते. डोकं निघालं की स्पिंडलच्या, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याच्या, तळाशी झिजलेला, मधे गोल खळगा पडलेला रबराचा तुकडा दिसेल. तो काढून हार्डवेअरच्या दुकानात तोच नमुना दाखव. ‘अर्ध्या इंची नळाचा वायसर’ असं नुसतं सांगून आणलेल्या तीनपैकी एक तरी बसत नाही. नवा बसवण्याआधी बोट आत घालून वायसर टेकतो ती कड चाचप. तिथे खाच लागली तर नवा वायसरही आठवड्यात गळेल, तेव्हा नळच बदलायला सांग. डोकं परत बसवतानाही नळ उघड्या स्थितीतच ठेव, नाहीतर नवा रबर पहिल्याच वळणाला चेपतो. पाणी आल्यावर थांबून बघ आणि मगच घरी जा.

डासांची अंडी

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून हे काम आठवड्याला एकदाच, पण ठरलेल्या वारी करायचं. वार चुकला की मागच्या आठवड्याची मेहनत उडून जाते, अक्षरशः.

बघायच्या जागा: पार्किंगमधलं टाकलेलं टायर, नारळाची करवंटी, रंगाचा रिकामा डबा, जिन्याखालची फुटकी बादली, बांधकामाचं प्लास्टिक. पाण्यावर बॅटरी मार. अळ्या डोकं खाली आणि शेपटी पृष्ठभागाला टेकवून लटकलेल्या असतात, तुझ्या हाताची सावली पडली की वळवळत तळाला जातात. हे पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओत. मग डब्याची आतली कड ब्रशनं घास. अंडी पाण्यात नाही, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी असतानाही कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून डबा परत ठेवला तर पहिल्या सरीला पुन्हा अळ्या. घासून डबा उलटा ठेव.

दाराबाहेरच्या कुंड्यांच्या बशा मात्र त्या घराच्या. त्यांना हात न लावता फलकावर एक कागद लाव: ‘कुंडीखालची बशी दर रविवारी रिकामी करून घासावी.’ वार लिहिला की लोक करतात. ‘स्वच्छता राखा’ लिहिलं की कोणी वाचतही नाही.

फलक आणि पत्रपेट्या

फलकावर तातडीचे क्रमांक लाव. आजींना चष्म्याशिवाय वाचता यावेत म्हणून आकडे किमान एक इंच उंचीचे, पांढऱ्यावर काळे. 112 सर्व तातडीच्या मदतीसाठी, 108 रुग्णवाहिका, 101 अग्निशमन, 1098 मुलांसाठी, 14567 ज्येष्ठ नागरिकांसाठी. देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही आकड्यांत लिही. कागद छातीच्या उंचीला लाव, डोक्याच्या वर नको. प्लास्टिकच्या पिशवीत घालून चारही कडा चिकटपट्टीनं बंद कर, नाहीतर पहिल्या पावसात शाई पसरते.

पेट्यांखाली पडलेलं टपाल पत्ता वाचून योग्य पेटीत टाक. न उघडता, फोटो न काढता. सही घेऊन मिळणारं काही सापडलं तर ते सेक्रेटरींकडे. पावसात फाटकाशी फेकलेलं वर्तमानपत्र त्या घराच्या दाराच्या कडीत अडकव. कोपऱ्यातली सरकणारी खुर्ची, जिथे आजोबा रिक्षाची वाट बघत बसतात, तिच्या पायांना जुन्या सायकल ट्यूबच्या दोन इंची कड्या चढव, म्हणजे ती फरशीवर घसरत नाही.

वाडीत

कोकणातल्या वाडीत जिना नसतो, पाणंद असते. मे महिन्यात पाणंदीच्या कडेचा पाचोळा आणि गटारातली माती काढली तर जूनमध्ये पाणी लोकांच्या अंगणात शिरत नाही. पण पाचोळ्यात हात घालायचा नाही. जांभ्याच्या गडग्यांत आणि पाचोळ्यात फुरसं हा विषारी साप असतो, लहान आणि मातीच्या रंगाचा, पायाशी येईपर्यंत दिसत नाही. आधी लांब काठीनं ढीग ढोस, थांब, मग लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढ. पायात बूट, फुल पँट. संध्याकाळनंतर हे काम नको. विहिरीच्या काठाचं कोणतंही काम एकट्यानं नको, दिवसाही.

हात लावायचा नाही

विजेचा मीटर, जिन्यातला दिवा, गॅसची नळी, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली. ड्रेनेजचं झाकण तर किंचितही उचलायचं नाही, आत साठलेल्या वायूनं अनुभवी माणसंही क्षणात बेशुद्ध होतात. गच्चीच्या कठड्यावर चढून पन्हळ साफ करायची नाही. औषधं, पैसे, शिजवलेलं अन्न नको. साखर कोणाला चालते आणि शेंगदाणे कोणाला चालत नाहीत हे दाराबाहेरून कळत नाही.

आणि उंबऱ्यावर काहीही ठेवायचं नाही. फुलं नाहीत, नारळ नाही, लिंबाच्या सरबतासाठी म्हणून लिंबं तर अजिबात नाहीत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आला, पण सकाळी दार उघडल्यावर उंबऱ्यावर निनावी लिंबू दिसलं की पोटात गोळा येतोच. मग संशय बहुधा त्याच माणसावर जातो ज्याच्याशी त्या घराचं आधीच वाकडं आहे.

गुपित कसं टिकतं

पहाटेपेक्षा दुपार बरी. पहाटे जागी असणारी माणसं चौकस असतात, दुपारी सगळे आडवे. चप्पल वाजणारी नको. धाकट्या भावाला सांगू नकोस. फोटो काढू नकोस, ‘फक्त एकाला’ पाठवायलाही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी लिहिलं, ‘फाटक कोणी दुरुस्त केलं? खूप छान!’ तर पहिला अंगठा तुझा नको, शेवटचाही नको.

थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. ‘काकू, झालं ना नीट? मग झालं तर’ एवढं म्हणून अभ्यासाचं निमित्त काढ. श्रेय रखवालदाराला मिळालं तर मिळू दे. पण ठपका दुसऱ्यावर आला, तेल सांडल्याबद्दल मावशींना बोल लागला, तर त्याच तासाला मोठ्या माणसाला घेऊन जा आणि सांग. त्या दिवशी गुपित गेलं तरी चालेल.

आणखी एका वेळी गुपित ताबडतोब सोडायचं. एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांच्या दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं तशीच पडलेली दिसली, किंवा दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीलाच लटकते आहे, तर ती नीट करून ठेवू नकोस. बेल वाजव. मोठ्यानं हाक मार. उत्तर नाही आलं तर लगेच घरच्या मोठ्या माणसाला बोलाव, शेजारच्यांकडे किल्ली असते का विचारा, नाहीतर 112. पावसात दोरीवरच्या कपड्यांचंही तसंच. दुसऱ्यांचे कपडे गुपचूप काढायचे नसतात, खालून ओरडायचं असतं: ‘आजी, पाऊस आला!’

थांबताना

दहावीचं वर्ष लागलं की काम सोडावं लागतं, आणि अचानक सोडलं तर रविवारच्या डब्यांत अळ्या परत येतात. मार्चऐवजी आदल्या दिवाळीतच इमारतीतल्या बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीला किंवा मुलाला निवड. जास्त बोलणारं नको. दोन रविवार त्याला सोबत घे, पहिल्या दिवशी फक्त बघू दे, दुसऱ्या दिवशी तू बघ. त्याच्या घरातल्या एका मोठ्या माणसाशी तुझं मोठं माणूस बोलू दे. वहीतली जुनी पानं फाडून टाक, जागांची यादी तेवढी नव्या कागदावर उतरवून दे. पिशवी देताना तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट आहे ना बघ, आणि त्याला दाखव: दोन-तीन थेंब, दहा नाही.